हात एकाचा, दुखणे घराचे

दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाचा उजवा हात कडबाकुट्टीत सापडला. वय वर्षे सात. तीन बोटे गेली. त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेले आणि एकवीस दिवस आमचे घर तिथल्या व्हरांड्यात राहिले.

जखमेकडे डॉक्टर बघत होते. काकीकडे कोणी बघत नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारी, "तेव्हा तू कुठं होतीस गं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसे, पण त्या प्रश्नानेच काकीने जेवण सोडले. काका तर बोलेनासेच झाले.

यंदा मानसशास्त्राच्या तासाला याचा थोडा उलगडा झाला. मोठ्या आघातानंतर काही आठवडे झोप उडणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणे, दचकणे, हे वेड नव्हे. बहुतेकांचे ते हळूहळू ओसरते. महिना उलटूनही टिकले, तर मात्र तज्ज्ञाकडे जावे. १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून विनामूल्य आहे. शिवाय मूल आपल्या दुखण्याचा अर्थ आईबापांच्या चेहऱ्यावर वाचते, म्हणून त्यांना सावरणे हा मुलाच्याच उपचाराचा भाग होय. इंग्लंडात पूर्वी इस्पितळातल्या मुलांना आईबाप मोजक्याच वेळी भेटू शकत. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या मुलीच्या अशा मुक्कामाचा चित्रपट दाखवला, तेव्हा अनेक डॉक्टर चिडलेच. पण १९५९ च्या प्लॅट समितीने ही बंधने काढण्याची शिफारस केली.

आपल्याकडे आई बहुधा खाटेशेजारीच असते. तिच्याशी कसे वागावे, ते मात्र आपल्याला ठाऊक नसते. घडलेले पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. तिने सांगितले तर ऐकावे. "देवाची इच्छा" म्हणण्यापेक्षा डबा आणावा, रात्रीची एक पाळी करावी. आमच्या आत्याने काही न बोलता काकीची वेणी घालून दिली. त्या दिवशी काकी रडली, आणि जेवली.

चुलतबहिणीला मात्र आम्ही सगळेच विसरलो. यंत्राचे बटण तिने दाबले होते. तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला कोणी रागावले नाही, कोणी काही बोललेही नाही. भाऊ आता डाव्या हाताने झकास लिहितो; ती अजून गोठ्याकडे फिरकत नाही. काय घडले ते भावंडांना साध्या शब्दांत सांगावे, चूक त्यांची नव्हती हे मोठ्यांनी आपणहून म्हणावे, असे सरांनी सांगितले होते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला तसे म्हटले.

तिने विचारले, "दादा, बाबा पण असंच म्हणतात?"

काकांना मी अजून विचारलेले नाही.