धाटाच्या बैलगाडीपासून एसटीपर्यंत: स्केल मॉडेल किट म्हणजे नेमकं काय?

जळकोट : ज्वारीची काढणी झाली की पोरं धाटं गोळा करायची. साल सोलून तिच्या बारीक काड्या करायच्या, मऊ गाभ्यात त्या टोचायच्या आणि बैलगाडी उभी करायची. डिंक नाही, खिळा नाही. जळकोट, उदगीर, मुखेड पट्ट्यात आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांनी हा उद्योग केला आहे. पुढे तुटक्या स्लीपरची चाकं लावलेली तारेची गाडी आली. परदेशातली मुलं त्याच वयात प्लास्टिकच्या मोटारींची 'किट' जोडत होती. मग ती किट आपल्याकडे का आली नाही?

किटमध्ये काय असतं?

स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या वाहनाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती. प्रमाण 1:24 असेल, तर खऱ्या गाडीचे 24 सेंटिमीटर मॉडेलमध्ये 1 सेंटिमीटर होतात. वितळवलेलं पॉलिस्टायरिन पोलादी साच्यात दाबून सुटे भाग तयार होतात. एका चौकटीला चिकटलेले हे भाग कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि जोडायचे. त्यासाठीचा खास गोंद प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, म्हणून दोन भाग एकजीव होतात.

सुरुवात ट्रॅक्टरपासून

ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने 1949 मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल बनवलं. ते ट्रॅक्टर कंपनीच्या विक्री प्रतिनिधींसाठी होतं आणि हाताने जोडलं जायचं. खर्च कमी करण्यासाठी पुढे तेच सुट्या भागांत विकायला ठेवलं गेलं. म्हणजे जोडणीचं काम गिऱ्हाइकावर आलं आणि त्यातूनच छंद वाढला!

भारतात महाग का?

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे अनेक दशकं निर्बंध होते. उरलेले संख्यात्मक निर्बंध 1 एप्रिल 2001 रोजी उठले. मात्र सीमाशुल्काच्या यादीत स्केल मॉडेल खेळण्यांसोबतच, 9503 या क्रमांकाखाली येतात. या गटावरचं मूळ शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झालं. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा, हा त्यामागचा हेतू. आयात किट घेणाऱ्या हौशी मंडळींना मात्र तिची किंमत जड जाते.

एसटीची किट कुठे मिळते?

पैसे असले तरी एक अडचण उरतेच. बाजारातल्या बहुतेक किट परदेशी मोटारींच्या असतात. गावात मुक्कामी येणारी लाल एसटी हवी असेल, तर ती स्वतःच बनवावी लागते. राज्यात अनेक तरुण पुठ्ठा आणि सनबोर्ड कापून ती बनवतातही. खिडक्या, टपावर जाणारी शिडी, गावाच्या नावाची पाटी, सगळं हाताने.

त्यात बारकावेही बरेच. लातूरचा नोंदणी क्रमांक एमएच 24, पण लातूर विभागातल्या अनेक गाड्यांवर एमएच 20 दिसतो. कारण त्यांची बांधणी आणि नोंदणी छत्रपती संभाजीनगरची. एसटीच्या बसबांधणीच्या कार्यशाळा तीन: तिथली चिकलठाणा, पुण्यातली दापोडी आणि नागपूरची हिंगणा. गेल्या काही वर्षांत ॲल्युमिनियमच्या जुन्या बांधणीची जागा पोलादी बांधणीने घेतली. जुनी गाडी भंगारात गेली की तिची मापंही तिच्यासोबत जातात. ती टिकतात अशा मॉडेलमध्येच.

सुरुवात कशी कराल?

बसस्थानकात गाडी उभी असताना चालक-वाहकांना विचारून टेप लावा. लांबी, रुंदी, उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, एवढी चार मापं पुरतात. प्रत्येकाला 24 ने भागा. 11 मीटरची एसटी साधारण 46 सेंटिमीटरची होते, म्हणजे घरातल्या कपाटावर आरामात मावते. धाटाची बैलगाडी केलेल्या हातांना पुठ्ठा काही जड जाणार नाही.