चुन्यातला मका आणि वऱ्हाडचा तवा

मेक्सिकोच्या रस्त्यांवर मिळणारा ताको अकोल्या-अमरावतीच्या घरात करायचा म्हटला, तर लागणाऱ्या सामानात एक वस्तू अशी निघते, जी आपण किराणा दुकानात नव्हे तर पानठेल्यावर मागतो. ती वस्तू म्हणजे चुना. मांस, मिरची, कांदा, लिंबू हे सगळे घरात असते. मका धान्यबाजारात मिळतो. पण चुन्याशिवाय मक्याची ती मऊ, न तुटता घडी पडणारी पोळी होत नाही. हा चुना तिथे कशासाठी आला आणि आपल्याकडे मका आला तेव्हा तो सोबत का आला नाही, या प्रश्नाचा माग काढताना स्वयंपाकाचा विषय धान्याच्या आणि आजाराच्या इतिहासात जाऊन पोचतो. म्हणून कृतीबरोबर तो इतिहासही इथे मांडतो आहे.

ताको म्हणजे काय

तळहाताएवढी मक्याची पोळी, म्हणजे तोर्तिया. तिच्यावर विस्तवावर भाजून बारीक तुकडे केलेले मांस, चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, ठेच्यासारखी साल्सा आणि वरून लिंबू. उभ्याने, हातात धरून, दोन-चार घासांत संपवायचे हे खाणे. भाजलेल्या गोमांसाच्या पट्ट्यांना तिथे कार्ने असादा म्हणतात. 'ताको' हा शब्द खाद्यपदार्थ या अर्थाने छापील मजकुरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. इतिहासकार जेफ्री पिल्चर यांनी त्याचा संबंध चांदीच्या खाणींशी जोडला आहे. खडक फोडण्यासाठी कागदात गुंडाळून भोकात ठासायच्या बारुदीच्या सुरळीला खाणकामगार 'ताको' म्हणत, आणि गुंडाळलेल्या तोर्तियालाही तेच नाव पडले असावे, असे त्यांचे म्हणणे आहे. कष्टकऱ्याचे खाणे ही त्याची ओळख आपल्याला परकी वाटू नये. वऱ्हाडात निंदणाला जाणारी बाई फडक्यात जी चून-भाकर बांधून नेते, तिचेही काम हेच : ताट नको, वाटी नको, धान्याची चकतीच भांडे.

इथे एक खुलासा करून ठेवतो. वऱ्हाडात 'चून' म्हणजे बेसनाचा झुणका. या लेखातला चुना वेगळा, पानाला लावतात तो.

देवाणघेवाणीचा हिशेब

ताकोतल्या एकेका जिनसाचे मूळ गाव शोधले, तर मजेशीर चित्र दिसते. मका, मिरची आणि टमाटा, ज्याला आपल्या खेड्यांत अजून भेदरं म्हणतात, हे तिन्ही अमेरिका खंडातले. 'चिली' आणि 'टोमॅटो' हे शब्दही अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतून जगभर गेले. उलट कांदा, लसूण, जिरे, लिंबू आणि कोथिंबीर, म्हणजे आपला सांभार, हे जुन्या जगातून स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेले. गायबैलसुद्धा तिथले नव्हेत. १५२१ साली तेनोच्तित्लान पडले आणि त्या सुमारास जहाजांतून गुरे मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरू लागली. म्हणजे ज्याला आज अस्सल मेक्सिकन म्हणतात तो बीफचा ताको पाचशे वर्षांपेक्षा जुना असू शकत नाही.

आपली बाजूही तपासू. 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे आणि त्याच ग्रंथात बादशाही मुदपाकखान्याच्या पाककृतीही आहेत. त्यांत आले आणि काळी मिरी आहे, पण मिरची नाही. ज्या वऱ्हाडी मटणाच्या तिखटाचा आपण अभिमान धरतो, त्याचे तिखट मेक्सिकोच्या बाजूचे आहे. मटण लवकर शिजावे म्हणून आपण कच्ची पपई लावतो, ती पपईदेखील मूळ मध्य अमेरिकेच्या पट्ट्यातली.

एक साम्य मात्र देवाणघेवाणीतून आलेले नाही. मेक्सिकोत मका वाटायचा दगड, मेताते, आणि साल्सा ठेचायचे दगडी भांडे, मोल्काहेते, ही दोन्ही ज्वालामुखीच्या काळ्या बेसाल्टची असतात. आपला पाटा-वरवंटाही दख्खनच्या त्याच जातीच्या दगडाचा. दोन्हीकडे जमिनीत जे मिळाले त्यावर बायकांनी गुडघे टेकून धान्य आणि मसाला वाटला.

चुना काय करतो

मक्याच्या दाण्यावर चिवट टरफल असते. नुसते पीठ दळून भाकर थापली तर ती होते, पण कडांना तडकते आणि निवली की मोडते. मक्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, ज्वारीतही नाही. आपण यावर उपाय काढला तो आधणाचा. उकळते पाणी पिठात ओतले की त्यातल्या स्टार्चचा काही भाग शिजून खळीसारखा होतो आणि तीच खळ भाकर धरून ठेवते. मेक्सिकोत हेच काम अख्ख्या दाण्यावर केले जाते. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवले की टरफल सुटते, स्टार्च थोडा शिजतो आणि चुन्यातले कॅल्शियम दाण्यात मुरते. अशा दाण्यांना निश्तमाल म्हणतात. नाहुआत्लमध्ये या शब्दाच्या मुळाशी 'राख' आहे, कारण चुन्याऐवजी लाकडाची राखही चालते. निश्तमाल वाटून जो गोळा होतो तो मासा, आणि त्याची तोर्तिया.

चुना आणखी एक गोष्ट करतो, जी डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असते, पण बरेचसे बांधलेल्या अवस्थेत, आतड्याला घेता न येणारे. चुन्याच्या क्षारात ते मोकळे होते. युरोपीय लोकांनी मका उचलला, पण चुन्याची रीत मागेच राहिली. त्यानंतर उत्तर स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरने १७३५ साली शेतमजुरांचा एक नवा आजार नोंदवला. उन्हात उघडी पडणारी कातडी, मान, हात, लाल होऊन खपल्या धरत. मग जुलाब, मग बुद्धिभ्रम. इटलीत त्याला पेलाग्रा नाव मिळाले. अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो गरीब माणसे त्याने दगावली. हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवले आणि १९३७ मध्ये कॉनराड एल्वेहेम यांनी ती उणीव नायसिनची असल्याचे सिद्ध केले. मेक्सिकोत मात्र शतकानुशतके मका खाऊनही पेलाग्राची अशी साथ आली नाही.

आणि आपली जवारी

हा सगळा इतिहास परदेशाचा वाटेल, पण त्याचा एक धागा दख्खनमध्ये आहे. १९६० साली हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील कोलुथुर गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 'द लॅन्सेट'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मका न खाणाऱ्या, मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांतही पेलाग्रा आढळतो, हे त्यांनी पुढे आणले. ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाचे जादा प्रमाण त्याला कारणीभूत असावे, असे त्यांचे अनुमान होते. त्या कारणमीमांसेवर पुढे बराच वाद झाला. पण ज्वारी आणि फक्त ज्वारी हा आहार धोक्याचा, ही गोष्ट त्या कामाने ठळक केली.

यावरून ज्वारी वाईट ठरत नाही. आपल्या जुन्या ताटात ज्वारी कधी एकटी नव्हती. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळला जातो. तुरीचे वरण आहे, बेसनाचे चून आहे. डाळीतल्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर स्वतः नायसिन बनवते. साधारण ६० मिलिग्रॅममागे १ मिलिग्रॅम. ठेच्यात जे शेंगदाणे पडतात, त्यांच्या १०० ग्रॅममध्ये जवळपास १२ मिलिग्रॅम नायसिन असते. मेक्सिकोने चुन्याने जे साधले, ते आपण डाळीने आणि दाण्याने साधले. आजार तेव्हा होतो, जेव्हा गरिबी ताटातून डाळ आणि दाणे काढून घेते आणि भाकर तेवढी ठेवते. मेळघाटच्या कुपोषणावर बोलताना आपण उष्मांक मोजतो. भाकरीसोबत काय आहे हेही मोजायला हवे.

याच कथेचा उलटा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्वारी मूळ आफ्रिकेची. ती अटलांटिक ओलांडून मध्य अमेरिकेत गेली आणि एल साल्वादोर, होंडुरासच्या कोरड्या भागांत रुजली. मका जळतो त्या वर्षी तिथले शेतकरी ज्वारीवर निभावतात. तिथल्या बायकांनी ज्वारीला मक्यासारखेच चुन्यात घातले आणि तिच्या तोर्तिया केल्या. बियाणे तिथे नवे होते, रीत मात्र हातात होती. आपल्याकडे मका आला तो बियाणे म्हणून, व्यापाऱ्यांच्या मार्गाने. तो शिजवणारे हात सोबत आले नाहीत, म्हणून चुनाही आला नाही.

कृती

मका अर्धा किलो. पिवळा किंवा पांढरा चालेल, पण खाण्यासाठी विकलेलाच घ्यावा. पेरणीच्या पिशवीतले रंगीत दाणे विषारी औषध लावलेले असतात. ते स्वयंपाकघरात आणूच नयेत. दीड लिटर पाण्यात पानाचा साधा पांढरा चुना दोन लहान चमचे कालवावा. भांडे स्टीलचे असावे, कारण ॲल्युमिनियमला चुना खातो. हाताला चुना लागू देऊ नये आणि भिंतीचा चुना कधीही वापरू नये. दाणे टाकून मंद आचेवर ३० ते ४० मिनिटे शिजवावेत, झाकून रात्रभर ठेवावेत. सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुतले की साले निघून जातात. मग पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी थोडे पाणी घालून बारीक वाटावे. गोळा पेढ्याच्या खव्याइतका मऊ हवा. बोटाला चिकटला तर थोडे मक्याचे पीठ मिसळावे.

लिंबाएवढी गोळी दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून ताटलीच्या बुडाने दाबावी. भाकरीसारखा पाण्याचा हात फिरवायचा नाही. चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर अर्धा मिनिट, उलटून एक मिनिट, पुन्हा उलटून फुगेपर्यंत. झाली की फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवावी. वाफेने ती मऊ होते. पंचवीस-तीस होतात.

मांसाचे म्हणाल तर महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गायीच्या आणि २०१५ साली मंजुरी मिळालेल्या दुरुस्तीने बैल व वळूच्या कत्तलीला बंदी आहे. मी बोकडाच्या मांडीचे बिनहाडाचे मटण घेतो, अर्धा किलो. बोकडाचे मांस रेषाळ, म्हणून सगळी मदार कापण्यावर. तासभर फ्रीजरमध्ये कडक करून रेषांच्या आडवे, अर्ध्या बोटापेक्षा पातळ काप करावेत. एका लिंबाचा रस, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या, मीठ, भाजलेले जिरे आणि कच्च्या पपईचा एक लहान चमचा कीस लावून पाऊण तास ठेवावे. पपई जास्त वेळ राहिली तर मांसाचा लगदा होतो. तवा धूर येईतो तापवावा आणि काप थोडे थोडे टाकावेत. एकदम टाकले तर पाणी सुटते; पाणी आहे तोवर तव्याची उष्णता शंभर अंशांवर अडते आणि मांस भाजण्याऐवजी उकडते. तपकिरी रंग आणि तो खमंग वास १४० अंशांच्या पुढे येतो. पूर्ण शिजले की पाटावर बारीक चिरावे.

साल्सासाठी दोन भेदरं, चार हिरव्या मिरच्या, दोन लसूण पाकळ्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून मिठासोबत वरवंट्याने रगडाव्यात. कच्चा कांदा, सांभार, लिंबू वरून. मूठभर भरडलेले शेंगदाणे घातले तर चव वऱ्हाडाकडे झुकते आणि नायसिनही वाढते.

पुढचे काम

हीच रीत मी ज्वारीवर करून पाहिली. चुना निम्मा आणि शिजवण्याचा वेळ १० मिनिटे पुरतो. गोळा किंचित पिवळसर होतो, पण ताटलीने दाबून पोळी निघते आणि दुसऱ्या दिवशीही ती घडी घेते. हे मला चवीपलीकडचे वाटते. वऱ्हाडात कापूस आणि सोयाबीनने ज्वारीला शेतातून मागे सारले. घरातून ती मागे सरते आहे, कारण हातावर भाकर थापणे नव्या पिढीला जमत नाही. थापण्याची गरज नसलेली जवारीची भाकर मिळाली, तर शहरातले घरही ती पुन्हा करील. चुन्याने आपल्या वाणांतले नायसिन नेमके किती मोकळे होते, हे मात्र प्रयोगशाळेतच मोजावे लागेल. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि तिथे ज्वारीवर संशोधन चालते. दाणा तिथला, चुना पानठेल्यावरचा. हे मोजमाप अकोल्यातच व्हावे, अशी माझी इच्छा आहे.