कुत्र्याला घेऊन पुण्या-मुंबईला जाताय? रेबीजच्या लसीचे डोस प्रवासात चुकवू नका

मागच्या दिवाळीनंतर अंबड तालुक्यातल्या एक बाई शुगर तपासायला माझ्याकडे आल्या. वय पन्नाशीच्या पुढे. रक्तदाब मोजताना पोटरीवर चार ठिकाणी खपली धरलेली जखम दिसली. विचारले तर म्हणाल्या, "काही नाही हो, पुण्याला पोराकडं गेलो होतो, तिथं कुत्रं चावलं." मुलाने फ्लॅट घेतला होता, दिवाळी तिकडेच करायची ठरली, आणि आखाड्यावर एकट्याला कोण सांभाळणार म्हणून मोत्यालाही गाडीत घातले. सोसायटीच्या गेटबाहेर तिथल्या कुत्र्यांनी मोत्याला घेरले. बाई सोडवायला मध्ये पडल्या आणि चावा बसला. नेमके कोणते कुत्रे चावले, मोत्या की दुसरे, हे त्यांनाही सांगता येत नव्हते.

मुलाने त्याच रात्री दवाखान्यात नेले, जखमेत इंजेक्शन दिले, दंडात लस दिली. तिसऱ्या दिवशीचा डोसही पुण्यातच झाला. पाचव्या दिवशी ते घरी परतले. कापूस वेचणीला आला होता, मजूर मिळत नव्हते. सातव्या दिवसाचा डोस राहून गेला. माझ्यासमोर बसल्या होत्या तो दिवस होता एकोणिसावा. कार्ड? "ते पोराकडंच राहिलं."

यात कोणाचाही निष्काळजीपणा होता असे मला वाटत नाही. पहिले दोन डोस एका गावात, पुढचे दुसऱ्या गावात, अशी वेळ आली की असेच होते. कुत्र्याला घेऊन मोठ्या शहरात जाणाऱ्यांना खाणे-पिणे, पट्टा, गाडी यांची माहिती पुष्कळ मिळते. मी माणसांचा डॉक्टर आहे, म्हणून चाव्याबद्दल आणि त्यानंतरच्या महिन्याबद्दल लिहितो.

शांत कुत्रा शहरात का चावतो?

शेतवस्तीवरच्या कुत्र्याला पट्टा माहीत नसतो, लिफ्ट माहीत नसते, दिवाळीचे फटाके एवढ्या जवळून ऐकलेले नसतात. मुख्य म्हणजे प्रत्येक गल्लीत आधीपासून राहणारी कुत्री असतात आणि तो त्यांचा इलाखा असतो. घाबरलेला कुत्रा घरच्या माणसालाही दात लावतो. माझ्याकडे येणाऱ्या चाव्यांमध्ये असे बरेच असतात, की दोन कुत्र्यांच्या भांडणात कोणीतरी हात किंवा पाय घातलेला असतो. भांडण सोडवायचेच असेल तर बादलीभर पाणी फेका, मध्ये काठी किंवा खुर्ची सरकवा, पट्टा मागून ओढा. हात घालू नका.

लहान मुलांना एकच गोष्ट बजावून ठेवा: कुत्र्याने ओरखडले किंवा चावले तर सांगायचे, कोणी रागावणार नाही. मार बसेल या भीतीने मुले लपवतात, आणि रेबीजमध्ये लपवलेला ओरखडा हाच सगळ्यात मोठा धोका आहे.

चावल्यावर पहिली पंधरा मिनिटे

रेबीजचा विषाणू चावणाऱ्या प्राण्याच्या लाळेतून जखमेत उतरतो आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला साधारण दोन-तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभरात लक्षणे दिसतात, क्वचित वर्ष जाते. लक्षणे एकदा सुरू झाली की माणूस जवळपास वाचत नाही. पण विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी उपचार पूर्ण झाले तर आजार टळतो. म्हणून या आजारात सगळा खेळ वेळेचा आहे.

पहिले काम नळाखाली. वाहते पाणी आणि साबण, पंधरा मिनिटे. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा फार मोठी असतात. कोणताही अंगाचा साबण चालतो. नंतर घरात असेल तर पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, रॉकेल, तंबाखू यातले काही लावू नका. कापड करकचून बांधू नका. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत, त्यामुळे "टाका का मारला नाही" म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनची गरज आहे का, ते तिथे विचारा.

मग दवाखाना, त्याच दिवशी. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. पुण्यात ससून किंवा डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालय, मुंबईत चिंचपोकळीचे कस्तुरबा रुग्णालय किंवा महापालिकेची मोठी रुग्णालये, छत्रपती संभाजीनगरात घाटी, आपल्याकडे जालन्यात जिल्हा सामान्य रुग्णालय. ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांना जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे निघण्याआधीच विचारून ठेवा. रात्री अकरा वाजता ते शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

कोणत्या जखमेला काय

डॉक्टर जखमेचे तीन प्रकार करतात. कुत्र्याला नुसता हात लावला, खाऊ घातले, किंवा त्याने न फुटलेल्या कातडीवर चाटले, तर धुण्यापलीकडे काही लागत नाही. रक्त न येता दात घासला किंवा बारीक ओरखडा उठला, तर लस लागते. रक्त आले, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते.

हे इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडे. लस दिल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवायला काही दिवस घेते. मधल्या काळात विषाणूला जखमेतच अडवायचे काम ही तयार प्रतिपिंडे करतात, म्हणून ती जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. दुखते, हे खरे आहे. ते पहिल्याच दिवशी घ्यायचे. तेव्हा मिळाले नाही तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत घेता येते, त्यानंतर त्याचा उपयोग राहत नाही. प्रत्येक लहान दवाखान्यात ते असेलच असे नाही. रक्त आलेली जखम असेल तर शहरात असतानाच ते घेऊन निघा, "गावी गेल्यावर बघू" म्हणू नका.

एक गोष्ट खास या वाचकांसाठी. जालन्यातून मुंबई-पुण्याला जाणारी कितीतरी कुटुंबे उपचारासाठीच जातात. घरातल्या कोणाची केमोथेरपी चालू असेल, किडनी बसवलेली असेल, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर त्या व्यक्तीला रक्त न आलेल्या ओरखड्यासाठीही लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही लागतात. ही औषधे चालू आहेत हे दवाखान्यात आपणहून सांगा. आणि स्पष्टच सांगतो, केमोच्या फेऱ्यांसाठी जाताना कुत्रा सोबत नेऊ नका. भावकीत, शेजारी कोणाकडे तरी ठेवा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही ही लस द्यायची असते. त्यांच्यासाठी ती सुरक्षित आहे.

"पोटात चौदा इंजेक्शने"

हा प्रश्न अजूनही येतो, विशेषतः वयस्कर मंडळींकडून. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडात देतात, लहान बाळांना मांडीत. कमरेत देत नाहीत.

सरकारी रुग्णालयात बहुतेक ठिकाणी कातडीत थोडी थोडी लस दोन जागी देतात: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. खासगीत सहसा स्नायूत देतात: ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. पहिला डोस घेतला तो ० दिवस, चावले तो दिवस नव्हे. पूर्वी कधी पूर्ण कोर्स झाला असेल तर ० आणि ३ असे दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. जुने कार्ड जपून ठेवायचे ते यासाठी.

आता या तारखा तुमच्या सुट्टीवर मांडून बघा. आठवड्याच्या सुट्टीत चावले तर पहिले दोन डोस शहरात आणि उरलेले जालन्यात, हे जवळपास ठरलेलेच. त्यासाठी पुन्हा पुण्याला जावे लागत नाही. कोर्स एका गावात सुरू करून दुसऱ्या गावात पूर्ण करता येतो. अडचण फक्त एवढीच, की इथल्या डॉक्टरांना तिथे काय दिले हे कळले पाहिजे: तारीख, लसीचे नाव, कातडीत की स्नायूत, इम्युनोग्लोब्युलिन दिले की नाही. कार्ड हातात पडताच त्याचा फोटो काढा आणि घरातल्या दोन माणसांना पाठवा. पुढच्या तारखांचे गजर मोबाइलमध्ये तिथेच बसून लावा.

डोस चुकला तर? कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. आठवण होईल त्या दिवशी जा, राहिलेला डोस घ्या, पुढची तारीख डॉक्टर ठरवतील. त्या बाईंचे आम्ही तेच केले. मुलाला फोन लावून कार्डाचा फोटो मागवला, सातव्या दिवसाचा डोस एकोणिसाव्या दिवशी दिला आणि शेवटच्या डोसची तारीख त्यावरून पुढे धरली. "आता उशीर झाला, काय उपयोग" असे म्हणून घरी बसणे तेवढे चुकीचे.

निघण्यापूर्वी कुत्र्यासाठी

रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास पहिल्यांदा देतात, मग ठरलेला बूस्टर, मग दरवर्षी. पहिल्या लसीचा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून आदल्या दिवशी टोचून निघण्यात अर्थ नाही. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात महिनाभर आधी जा. तिथेच गोचीड-पिसवांचे औषध आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसीबद्दल विचारा. लेप्टोस्पायरोसिस उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीने दूषित पाण्यातून माणसालाही होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याची मोठी साथ पाहिली आहे. पावसाळ्यात कुत्र्याला फिरवताना साचलेल्या पाण्यातून चालावे लागले आणि पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का ते ते ठरवतील.

लसीचे प्रमाणपत्र सोबत ठेवा. सोसायटीत, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, सगळीकडे तेच आधी मागतात. रेल्वेत स्लीपर, एसी थ्री टियर, चेअर कार यांत कुत्रा जवळ घेऊन बसता येत नाही. फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावा लागतो, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात जातो. म्हणून आपल्याकडचे बहुतेक लोक गाडीनेच नेतात. समृद्धीवरून उन्हाळ्यात जाणार असाल तर पहाटे निघा, थांब्यावर पाणी पाजा, आणि जेवायला उतरताना कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका. काही मिनिटांत आतली हवा भट्टी होते. कुत्र्याला झोप लागावी किंवा ताप उतरावा म्हणून माणसांच्या गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामोलसारख्या गोळ्यांनी कुत्री दगावू शकतात.

कुत्र्याला लस दिलेली आहे, मग मला कशाला?

हा सगळ्यात अवघड गैरसमज, कारण तो समजूतदार माणसांचा असतो. कुत्र्याची लस धोका कमी करते, पूर्ण संपवते असे धरून चालत नाही. लस वेळेवर झाली होती का, ती शीतपेटीत नीट राहिली होती का, हे आपल्याला कळत नाही. म्हणून घरच्या कुत्र्याने रक्त काढले तरी उपचार त्याच दिवशी सुरू करायचे आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे. कुत्रा चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज असेल तर तो सहसा दहा दिवसांच्या आत आजारी पडतो आणि मरतो. दहा दिवसांनंतरही तो नीट खात-पीत, धडधाकट असेल तर पुढचे डोस कमी करायचे का, हे डॉक्टर ठरवतील. स्वतःच्या मनाने बंद करू नका. शहरातले भटके कुत्रे असेल तर तुम्ही गावी परत येणार, त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? तिथे पूर्ण कोर्सच.

आणि तुमच्या कुत्र्यालाही चावा बसलेला असेल तर त्याचाही हाच प्रश्न आहे. जखम साबणाने धुवा, हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून. लगेच पशुवैद्यांकडे न्या. आधी लस झालेली असली तरी चाव्यानंतर बूस्टर द्यावा लागतो आणि पुढे काही आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. त्या बाईंना मी शेवटी विचारले, मोत्याला दाखवले का? मोत्याच्या कानाला आणि मानेला चावे होते, घरी हळद लावली होती, आणि तो रोज पोरांच्यात लोळत होता. शेवटची लस कधी दिली होती, हे घरात कोणालाच आठवेना. मुलगा फोनवर होताच. त्याला सांगितले, भावाला म्हणावे आजच मोत्याला घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, आणि या दिवसांत त्याने ज्या ज्या पोरांना चाटले, ओरखडले, त्यांना उद्या सकाळी माझ्याकडे पाठवा.