हॅशटॅग: नव्या बाजारातील पाटी

गेल्या नाताळापूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक माउली आपल्या मुलीसह आमच्या भेटीस आली. घरी बेबिंका करून विकणे हा तिचा लहानसा उद्योग. मुलीने बेबिंकेचे सुरेख छायाचित्र इन्स्टाग्रामवर घातले होते आणि त्याखाली तीस हॅशटॅग लावले होते. प्रेम, सौंदर्य, मुंबई, क्रिकेट, काही म्हणता काही सोडले नव्हते. दूरदूरच्या अनोळखी लोकांनी पसंती कळविली. मागणी मात्र एकही आली नाही. "फादर, आमचे चुकले कुठे?" असे त्या माउलीने विचारले. हाच प्रश्न आमच्या वाचकांपैकी इतर कुटुंबांनाही पडत असेल, म्हणून येथे त्याचा विचार करू.

प्रथम हे चिन्ह म्हणजे काय, ते पाहू. दोन उभ्या व दोन आडव्या रेघांचे # हे चिन्ह शब्दास जोडून लिहिले की तो शब्द जणू एका कप्प्याचे नाव होतो. त्यावर बोट टेकविणाऱ्यास त्या कप्प्यातील अनेकांचे लिखाण व चित्रे एकत्र दिसतात. क्रिस मेसिना या अमेरिकन गृहस्थांनी २३ ऑगस्ट २००७ रोजी ट्विटरवर ही कल्पना मांडली आणि तिच्यावर मालकीहक्क सांगितला नाही. पुढे २०११ मध्ये इन्स्टाग्रामने व २०१३ मध्ये फेसबुकने तिचा स्वीकार केला.

मग मुलीचे चुकले कुठे? 'प्रेम' या कप्प्यात चित्रांचा महासागर असतो, आणि तेथे येणारा मनुष्य मिठाई घेण्यास आलेला नसतो. मासळीबाजारात कोणी कापड मांडून बसत नाही. यास्तव चिन्हे थोडी असावीत, परंतु नेमकी असावीत: पदार्थाचे नाव, सणाचे नाव आणि आपल्या गावाचे किंवा तालुक्याचे नाव. घरगुती धंद्यास जवळचा ग्राहकच अधिक उपयोगी. दोन शब्दांत मोकळी जागा सोडू नये. तेथे चिन्ह तुटते. देवनागरी अक्षरे चालतात. पण अनेक ग्राहक रोमी लिपीत शोधतात, म्हणून दोन्ही लिहावीत. खाते खासगी ठेवल्यास अनोळखी ग्राहकास काहीच दिसत नाही. चित्राखाली वजन, किंमत आणि मागणी किती दिवस आधी नोंदवावी, हेही स्पष्ट लिहावे. चिन्ह ग्राहकास दारापर्यंत आणते. पुढचे काम आपले.

याहून महत्त्वाची गोष्ट सचोटीची. गोव्याच्या बेबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अन्यत्र केलेल्या मालाला गोव्याचे नाव लावणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक, आणि येथे चुलीपाशी तासन् तास राबणाऱ्या स्त्रियांच्या कष्टांची चोरी. तसेच फुकट माल किंवा पैसे देऊन कोणाकडून स्तुती करून घेतली, तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट नमूद करावे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये नियमांद्वारे सांगितले आहे.

शिवाय हे चिन्ह कोणाच्या मालकीचे नाही, हे विसरू नये. मॅकडोनाल्ड्स या मोठ्या अमेरिकन कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये ट्विटरवर एक हॅशटॅग चालविला. आपल्याला माल पुरविणाऱ्या शेतकऱ्यांच्या चांगल्या कथा पसराव्यात, हा हेतू. लोकांनी त्याच चिन्हाखाली आपापल्या तक्रारी मांडल्या. कंपनीने सुमारे दोन तासांत तो प्रचार आवरता घेतला. तक्रारी मात्र चालूच राहिल्या. जेथे आपण स्वतःची स्तुती लिहितो तेथेच ग्राहकही आपला अनुभव लिहितो. माल चांगला नसेल तर चिन्ह त्याची अपकीर्तीच पसरविते.

त्या मुलीने तीसांपैकी चारच चिन्हे ठेवली व त्यांत आपल्या गावाचे नाव घातले. नाताळापर्यंत अकरा मागण्या आल्या, बहुतेक शेजारच्या गावांतून. बेबिंकेचा एकेक थर वेगळा भाजावा लागतो. घाई केली तर ती बिघडते. बारावी मागणी आली तेव्हा माउलीने नम्रपणे नकार कळविला, कारण तिच्या चुलीची शक्ती तेवढीच होती. आम्हांस तिचा हा नकार त्या चार चिन्हांइतकाच शहाणपणाचा वाटला.