घरगुती इंटरनेटची विश्वसनीयता : दूरध्वनीची तार आणि केबल

इंटरनेटची जोडणी घेताना गृहस्थाचा पहिला प्रश्न बहुधा वेगाचा असतो. परंतु ऐन परीक्षेच्या किंवा वैद्यकीय सल्ल्याच्या वेळी जोडणीच तुटली, तर त्या वेगाचा उपयोग काय? म्हणून विश्वसनीयतेचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असा विचार करण्यास चांगले साधन मिळते. कारण तेथे दूरध्वनीच्या तारा व दूरचित्रवाणीची केबल ही दोन्ही जाळी बहुसंख्य शहरी घरांपर्यंत आधीच पोचलेली होती, आणि पुढे घरगुती इंटरनेटने दोहोंचाही आश्रय घेतला.

प्रथम दूरध्वनीच्या तारेवरील डी. एस. एल. पद्धती पाहू. हिच्यात तांब्याच्या तारांची एक जोडी प्रत्येक घरापासून दूरध्वनी केंद्रापर्यंत, अथवा रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत, स्वतंत्रपणे जाते. संभाषणास सुमारे ४,००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. त्यावरील पट्टा, ए. डी. एस. एल. या प्रकारात सुमारे ११ लक्ष हर्ट्झपर्यंत, माहिती वाहण्यास वापरतात. मात्र तारेतून जाताना संकेत क्षीण होत जातो, आणि वारंवारता जितकी अधिक तितकी ही क्षीणता अधिक. त्यामुळे केंद्रापासून चार-पाच किलोमीटर दूर असलेल्या घरास वरच्या पट्ट्यांचा लाभ जवळजवळ मिळत नाही. जोडणी होताना दोन्ही टोकांची यंत्रे तारेवरील विद्युत् गोंगाट मोजतात व काही राखीव अंतर, बहुधा ६ डेसिबल, ठेवून वेग ठरवितात. जुन्या सांध्यात पाणी शिरले, किंवा शेजारच्या जोड्यांतील संकेत झिरपू लागले, की हे अंतर संपते; जोडणी तुटते आणि पुन्हा प्रारंभापासून जुळवावी लागते.

केबलची रचना याहून भिन्न आहे. वस्तीपर्यंत प्रकाशतंतू व तेथून पुढे समाक्ष केबल अशी ही मिश्र व्यवस्था असते. समाक्ष केबलीस धातूचे आवरण असते आणि वाटेत वर्धक बसविलेले असतात. म्हणून अंतराचा प्रश्न येथे गौण ठरतो. परंतु एकाच फाट्यावर अनेक घरे असल्याने क्षमता सर्वांना वाटून घ्यावी लागते. शिवाय घरांकडून केंद्राकडे जाणारा पट्टा, जो त्या देशात रूढ रचनेनुसार ५ ते ४२ मेगाहर्ट्झ असा आहे, तो नरसाळ्यासारखा वागतो : एका घरातील सैल जोडातून शिरलेला गोंगाट सर्वांच्या मार्गात येतो. वाटेवरील वर्धकांचा वीजपुरवठा खंडित झाला आणि राखीव बॅटरी संपली, तर ज्याच्या घरी वीज आहे त्याचीही जोडणी जाते.

२०११ साली तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या शासकीय आयोगाने प्रत्यक्ष मोजणीचा अहवाल प्रसिद्ध केला. सायंकाळच्या गर्दीच्या वेळी, म्हणजे ७ ते ११ या अवधीत, डी. एस. एल. सेवेने जाहीर वेगाच्या शेकडा ८२ व केबलने शेकडा ९३ इतका वेग दिला. येथे केबल सरस दिसते. परंतु दिवसभराच्या सरासरीच्या तुलनेत याच वेळी होणारी घट डी. एस. एल.मध्ये शेकडा ५·५, तर केबलमध्ये शेकडा ७·३ होती. म्हणजे एकीचे वचन अधिक अपुरे राहिले, दुसरीचा वेग गर्दीत अधिक ढळला. डी. एस. एल.मध्येही घट झालीच, हे ध्यानात घ्यावे. तार स्वतंत्र असली तरी केंद्रापलीकडचा मार्ग सामाईकच असतो. अर्थात हे आकडे वेगाचे आहेत, जोडणी तुटण्याचे नव्हेत.

तेव्हा ‘अधिक विश्वसनीय कोणती?’ या प्रश्नास एकच उत्तर नाही. डी. एस. एल.चा दोष प्रामुख्याने स्थळाचा, केबलचा प्रामुख्याने वेळेचा व शेजाराचा. यातून गृहस्थास एक व्यावहारिक कसोटी मिळते. जोडणी कधी बिघडते याची आठवडाभर नोंद ठेवावी. रोज ठरावीक वेळी मंदावत असेल तर कारण बहुधा वाटणीत आहे. पावसाबरोबर बिघडत असेल तर सांध्यात. एटी अँड टी कंपनीने २०२० च्या ऑक्टोबरात नव्या डी. एस. एल. जोडण्या देणे थांबविले, यावरून तांब्याच्या तारेचा काळ ओसरत आहे हे उघड आहे. तथापि जेथे ही तार अद्याप एकमेव आधार आहे, तेथे तिचा दोष नेमका ओळखणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.