फेमिना फुटबॉल क्लब

फेमिना फुटबॉल क्लब : (बोल्डक्लूबन फेमिना). डेन्मार्कमधील महिलांचा एक आद्य फुटबॉल क्लब. स्थापना कोपनहेगन येथे १९५९ मध्ये. फेमिना या महिलांच्या साप्ताहिकावरून क्लबास हे नाव मिळाले. १९७० मध्ये या क्लबाने डेन्मार्कतर्फे खेळून महिलांच्या पहिल्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचे विजेतेपद मिळविले; मात्र या स्पर्धेस अधिकृत मान्यता नव्हती.

क्लब स्थापन झाला, त्या काळी युरोपात महिलांच्या फुटबॉलला प्रतिकूल वातावरण होते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये महिलांच्या सामन्यांसाठी आपल्या सदस्य-क्लबांची मैदाने देण्यास बंदी घातली होती. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ मध्ये तोच मार्ग अवलंबिला. डेन्मार्कमध्ये महिलांचा हँडबॉल लोकप्रिय होता; परंतु त्यांच्या फुटबॉलला डॅनिश फुटबॉल संघटनेची मान्यता नव्हती. त्यामुळे महिलांचे क्लब त्या संघटनेच्या कक्षेबाहेर राहूनच आपले सामने भरवीत.

याच सुमारास इटलीतील तूरिन येथे महिला फुटबॉलचा एक स्वतंत्र यूरोपीय महासंघ आकारास आला. १९६९ मध्ये तेथे झालेल्या स्पर्धेत इटलीने अंतिम सामन्यात डेन्मार्कचा ३–१ असा पराभव केला. पुढील वर्षी त्याच महासंघाने ‘मार्टिनी अँड रॉसी’ या मद्यनिर्मात्या कंपनीच्या आर्थिक साहाय्याने जागतिक स्पर्धा भरविली. तीत सात संघ होते व मेक्सिको वगळता सर्व यूरोपीय होते. त्यामुळे ‘जागतिक’ हे विशेषण काहीसे सैलच म्हणावे लागेल. फेमिनाने पश्चिम जर्मनीचा ६–१ व उपांत्य सामन्यात इंग्लंडचा २–० असा पराभव केला. १५ जुलै १९७० रोजी तूरिन येथे सु. ४० हजार प्रेक्षकांसमोर अंतिम सामना झाला. त्यात यजमान इटलीस २–० असे हरवून फेमिनाने आदल्या वर्षीच्या डॅनिश पराभवाची भरपाई केली.

१९७१ ची स्पर्धा मेक्सिकोत झाली. या वेळी डेन्मार्कचा संघ एकाच क्लबाचा नव्हता. तो निरनिराळ्या क्लबांतील खेळाडूंमधून निवडलेला होता. मेक्सिकोच्या फुटबॉल संघटनेचा विरोध असताही सामन्यांना प्रचंड गर्दी लोटली. स्पर्धेच्या जाहिरातीसाठी गोलखांब गुलाबी रंगविण्यात आले, यावरून आयोजकांची दृष्टी कळून येते. उत्पन्न भरघोस असूनही खेळाडूंना काहीच मिळत नसल्याने मेक्सिकोच्या महिलांनी मोबदल्याची मागणी केली व अंतिम सामना न खेळण्याचा इशारा दिला; तथापि ५ सप्टेंबर रोजी आस्तेका क्रीडागारात तो पार पडला. सु. १,१०,००० प्रेक्षकांसमोर डेन्मार्कने ३–० असा विजय मिळविला. तिन्ही गोल सुसाने आउगुस्टेसन या १५ वर्षांच्या खेळाडूने केले. पुढे ती दीर्घकाळ इटलीतील क्लबांकडून खेळली.

या यशाचा परिणाम अनपेक्षित दिशेने झाला. महिलांचा खेळ खाजगी आयोजकांच्या हाती जात आहे, हे पाहून यूरोपीय फुटबॉल महासंघाने १९७१ च्या अखेरीस सदस्य-संघटनांना तो आपल्या नियंत्रणाखाली घेण्यास सांगितले. डॅनिश संघटनेने १९७२ मध्ये त्याचा स्वीकार केला. म्हणजे मान्यता मिळाली ती खेळाच्या दर्जापेक्षा त्यावरील नियंत्रणाच्या चिंतेतून. मान्यतेबरोबर मैदाने, पंच व नियमित राष्ट्रीय स्पर्धा उपलब्ध झाल्या, हे खरे. परंतु आंतरराष्ट्रीय स्तरावर महिलांच्या खेळास मिळालेली गती मंदावली. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने (फिफा) महिलांची पहिली अधिकृत विश्वचषक स्पर्धा चीनमध्ये १९९१ साली भरविली. आस्तेकातील सामन्यानंतर तोपर्यंत वीस वर्षे लोटली होती.

१९७० व १९७१ मधील विजेतेपदे फिफाच्या अधिकृत नोंदींत समाविष्ट नाहीत. अधिकृत स्पर्धांत डॅनिश महिला संघाने २०१७ मध्ये यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. त्या सामन्यात नेदर्लंड्सने त्याचा ४–२ असा पराभव केला. मेक्सिकोतील स्पर्धेवर २०२३ मध्ये कोपा ७१ हा अनुबोधपट निघाला. त्यानंतर त्या वेळच्या खेळाडूंची नावे पुन्हा लोकांसमोर आली.