रक्त, बीट आणि लाल गोळी

गरोदर बाईचं रक्त कमी निघालं की घरात पहिल्यांदा बीट येतं, पाठोपाठ डाळिंब. लाल खाल्लं की रक्त वाढतं, हा समज इतका पक्का आहे की रोज बिटाचा रस निघतो आणि उपकेंद्रातून आणलेल्या गोळ्या कपाटात पडून राहतात. बीट जरूर खावं. पण १०० ग्रॅम बिटात लोह असतं एक मिलिग्रॅमच्याही आत, डाळिंबात तर त्याहून कमी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने गरोदरपणी दिवसाला २७ मिलिग्रॅम लोह लागतं, आणि भाजीपाल्यातलं लोह अंगी लागतं ते त्यातला थोडाच भाग. एकट्या बिटावर हा हिशेब कधीच जुळणार नाही.

बाईच्या आरोग्याबद्दल जे ऐकीव सांगितलं जातं, त्यात बहुधा मापच नसतं. किती खायचं, कोणत्या महिन्यात, कोणी खायचं आणि कोणी नाही, हे सांगणाऱ्याला माहीत नसतं. माझ्या मते माहिती पारखायची पहिली खूण हीच.

रक्ताचंच घ्या. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात, ७ च्या खाली गेलं की ते गंभीर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांचं रक्त कमी आढळलं. म्हणजे दोघींत एक. म्हणून ती लाल गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्त आधीच कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतात.

या गोळीभोवती जितकी भीती आहे तितकी क्वचितच कशाभोवती असेल. ‘बाळ काळं होतं’ ही त्यातली सगळ्यात जुनी. काळी होते ती शी, कारण अंगी न लागलेलं लोह तिच्यातून बाहेर पडतं. बाळाचा रंग आईबापांकडून येतो. तो केशराने उजळत नाही आणि गोळीने काळवंडत नाही. दुसरी भीती, ‘बाळ मोठं होऊन अडेल’. यापायी काही घरांत सुनेच्या ताटातली भाकरीही कमी केली जाते, आणि हे मला फार टोचतं. अर्धपोटी आईचं बाळ अशक्त आणि कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. अडीच किलोच्या आतल्या बाळाला जन्मल्यापासूनच जास्त जपावं लागतं. गोळीने मळमळ होते, पोट घट्ट होतं, हे मात्र खरं आहे. तेव्हा ती रात्री जेवणानंतर घ्यावी आणि तरी त्रास झाला तर आरोग्यसेविकेला सांगावं, पण आपल्या मनाने बंद करू नये. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवावं. लिंबूपाणी चालतं, उलट त्याने लोह जास्त शोषलं जातं.

‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ हेही बिनमापाचंच. पोषण संस्था चौथ्या महिन्यापासून दिवसाला सुमारे ३५० कॅलरी जास्त सांगते. म्हणजे साधारण एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि पेलाभर दूध. दुप्पट जेवण नव्हे.

माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटली तर ‘डोहाळे आहेत, पुरवा’ म्हणतात. ही ओढ पुष्कळदा लोह कमी असल्याची खूण असते. ती लपवू नये, तपासणीच्या वेळी सांगावी.

आता फॉलिक ॲसिडबद्दल, कारण ही गोष्ट आपल्या मुंबईत घडली. १९२८ साली लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टर इथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक जबर पंडुरोग होई आणि कितीतरी जणी त्यात दगावत. आधी जंतूंचा संशय होता, तो तपासात टिकला नाही. मग विल्स यांनी या बायका काय खातात ते पाहिलं, निरनिराळे पदार्थ देऊन रक्त मोजलं, आणि यीस्टच्या अर्काने रक्त भरून येतं हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत असं दिसलं की, आधी मज्जारज्जूचं व्यंग असलेलं मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका सत्तर टक्क्यांहून जास्त घटतो. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते. तोवर पाळी चुकल्याचंही कित्येकींच्या लक्षात आलेलं नसतं. म्हणून ‘दिवस गेल्याचं कळलं की गोळ्या सुरू करू’ हा उशीर आहे. मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधी रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करावं.

रक्त कमी म्हणजे लोहच कमी, असंही नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश जणींचं बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. पालेभाज्या, फळं आणि दूध घेणाऱ्या स्त्रियांची बाळं जन्मतः अधिक भरलेली होती. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही पाहावा लागतो. गोळ्या नेमाने घेऊनही रक्त वाढत नसेल तर पुढची तपासणी मागावी.

पपईबद्दल थोडक्यात: कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावतं, तेव्हा ती टाळावी. पिकलेल्या पपईचा असा परिणाम उंदरांवरच्या प्रयोगात दिसला नाही.

विश्वासाची माहिती शोधायला लांब जावं लागत नाही. नोंदणीच्या वेळी मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड बहुतेक घरांत फाइलमध्ये बंद असतं. त्यात आहार, गोळ्या, लसी आणि धोक्याच्या खुणा चित्रांसह दिलेल्या आहेत. ते सासूबाईंनी आणि नवऱ्यानेही वाचावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगणाऱ्याने शेवटी पावडरीचा डबा पुढे केला, तर त्याचा सल्ला तिथेच सोडावा. आणि डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, अंगावरून रक्त जाणं, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, झटके, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काही झालं तर माहिती शोधत बसू नये. १०८ किंवा १०२ ला फोन करून थेट दवाखाना गाठावा.